पेट्रोलच्या गाडीत डिझेल, डिझेलच्या गाडीत पेट्रोल : चावी फिरवण्याआधी हे वाचा

टाकीत चुकीचं इंधन पडलं म्हणून गाडी त्या क्षणी बिघडत नाही. बिघाड सुरू होतो तो ते इंधन टाकीतून निघून फिल्टर, पंप, इंजेक्टर (इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारा भाग) असं पुढे सरकायला लागतं तेव्हा. आणि ते पुढे सरकवतो आपणच, चावी फिरवून.

त्यामुळे सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगतो. चूक लक्षात आली की गाडी सुरू करू नका. मागे रांग लागली आहे, हॉर्न वाजताहेत, म्हणून दहा फूट बाजूला घेण्यापुरतीसुद्धा नाही. न्यूट्रल करा आणि ढकलून बाजूला घ्या. एवढं पाळलं तर खर्च बहुतेक वेळा टाकी रिकामी करून धुण्यावर भागतो. नाही पाळलं तर डिझेल गाडीत तोच खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. असं का होतं हे एकदा नीट समजलं, की पंपावरच्या गडबडीतही हात आपोआप चावीपासून लांब राहतो.

कोकणात ही चूक व्हायला दोन मोसम फार सोयीचे आहेत, गणपती आणि मे महिना. चाकरमानी गावाला निघतो तो पुष्कळदा स्वतःच्या गाडीने नाही. मेव्हण्याची गाडी मागून आणलेली असते, नाहीतर भाड्याची. पनवेल सोडल्यापासून घरातली चार माणसं आळीपाळीने चालवत असतात. महाड किंवा खेडच्या पुढे पहाटे कुठेतरी पंप लागतो. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती, काका?" काका खिडकीतूनच म्हणतात, "फुल कर." कसलं फुल, हा शब्द दोघांच्याही तोंडून निघत नाही. मुलगा गाडीचं नाव बघून ठरवतो आणि हल्ली गाडीच्या नावावरून काहीच ठरवता येत नाही. इनोव्हा म्हटली की डिझेल, असं वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं आहे, पण इनोव्हा क्रिस्टा बहुतेक डिझेलवर चालते (जुन्या काही क्रिस्टा पेट्रोलच्याही आहेत) आणि इनोव्हा हायक्रॉस पेट्रोलवर. थार, स्कॉर्पिओ-एन, नेक्सॉन या गाड्या दोन्ही इंधनांत मिळतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण त्याआधीच्या डिझेल स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाड्याला धावताहेत, आणि बाहेरून त्या पेट्रोलच्या गाडीसारख्याच दिसतात.

नोझलच्या रंगावर भरवसा ठेवू नका. रंग देशागणिक बदलतात, कंपनीगणिकही बदलतात. युरोपात हिरवा नोझल म्हणजे पेट्रोल, अमेरिकेत अनेक पंपांवर हिरवा म्हणजे डिझेल. भरोसा ठेवायचा तो झाकणाच्या आत लिहिलेल्या शब्दावर आणि तोंडाने बोललेल्या शब्दावर. आणखी एक खूण समोरच्या काचेवर असते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबरोबर काचेच्या आतून एक स्टिकर लावतात. डिझेल गाडीला तो नारिंगी असतो, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. भाड्याची गाडी ताब्यात घेताना ओरखड्यांचे फोटो काढतो तेव्हा हा स्टिकरही बघून घ्यावा.

दोन इंधनांचे दोन उलटे स्वभाव

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आधी दाबलं जातं आणि मग प्लगची ठिणगी पडते. ठिणगीच्या आधी ते पेटता कामा नये. म्हणजे दाब आणि उष्णता सोसूनही न पेटणं, हा पेट्रोलचा गुण. ऑक्टेन आकडा मोजतो तो हाच संयम.

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नाहीच. तिथे नुसती हवा दाबतात, मूळ जागेच्या साधारण पंधराव्या-सोळाव्या हिश्शात. एवढी दाबली की ती हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपला आपण पेट घेतो. म्हणजे इथे पटकन पेटणं हा गुण. त्याचं माप सीटेन, आणि आपल्याकडच्या डिझेलला तो आकडा किमान ५१ असावा लागतो.

एका इंजिनात जो गुण, तोच दुसऱ्यात दोष. डिझेल इंजिनात पेट्रोल गेलं की फवारा वेळेवर पेटत नाही. तो साचतो आणि मग एकदम भडकतो. इंजिन खडखडतं, ताकद जाते, शेवटी बंद पडतं. पेट्रोल इंजिनात डिझेल गेलं तर ते नीट वाफ होत नाही, प्लगवर ओलं राहतं, अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आणि म्हणूनच बरेच जण म्हणतात, फार तर गाडी बंद पडेल, मग साफ करून घेऊ. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. डिझेल गाडीच्या बाबतीत नाही, कारण तिथे इंधनाला जळण्याखेरीज आणखी एक काम असतं.

डिझेल हे वंगणही आहे

डिझेल बोटांवर चोळून बघा, बुळबुळीत लागतं. पेट्रोल लागत नाही. उलट ते बोटांवरचा तेलकटपणाही ओढून नेतं आणि कातडी कोरडी पाडतं. सगळं प्रकरण या एका फरकात आहे.

आजच्या डिझेल गाडीत कॉमन रेल पद्धत असते. आपल्याकडच्या मोटारींत ती २००० नंतरच्या दशकात आली आणि पसरली. एक पंप डिझेलला दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरतो आणि तिथून ते इंजेक्टरला जातं. हा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत असतो, काही गाड्यांत त्याहूनही जास्त. टायरमध्ये आपण साधारण २ बार हवा भरतो, त्यावरून अंदाज बांधा. एवढा दाब निसटू नये म्हणून पंपातले आणि इंजेक्टरमधले भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की मधली फट जेमतेम काही मायक्रॉनची राहते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या फटीत वेगळं ऑइल घालायची सोय नाही. तिथलं वंगण म्हणजे खुद्द डिझेल.

भारत स्टेज ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले तेव्हा, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीला तो वेगळं रसायन मिसळून भरून काढावा लागतो. वंगणाची इथे इतकी काळजी घ्यावी लागते.

अशा जागी पेट्रोल गेलं म्हणजे शिवणाच्या मशिनला तेलाऐवजी पेट्रोल सोडल्यासारखं झालं. मशिन फिरतं, पण धातूवर धातू घासत. फरक असा की शिवणाचं मशिन कुरकुरून आपल्याला सांगतं, पंप सांगत नाही. घासून निघालेला धातूचा बारीक चुरा इंधनाबरोबर इंजेक्टरमध्ये जातो, तिथली भोकं आणि सुया खराब करतो. जे इंधन जळायचं उरतं ते परतीच्या नळीने टाकीत येतं, आणि त्याच्याबरोबर चुराही टाकीत येतो. मग तो पुन्हा फिरतो. असं झालेल्या गाडीत एखादा भाग बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या सगळंच बदलावं लागू शकतं.

जुने मेस्त्री सांगतात की त्यांच्या काळात डिझेलमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल गेलं तरी गाडी चालायची. ते खोटं बोलत नाहीत. जुन्या जीप, टेम्पो, ट्रॅक्स यांच्या पंपात दाब कितीतरी कमी असायचा, फटी मोठ्या असायच्या. पण त्यांच्या अनुभवाचा आधार घेऊन आजच्या कॉमन रेल गाडीत "पाचच लिटर गेलंय, वरून डिझेल भरू, पातळ होईल" असं करू नये. पेट्रोलचं अमुक प्रमाण चालतं, असा सुरक्षित आकडा मी कोणालाही देणार नाही.

वरून भरण्याच्या युक्तीसारखाच आणखी एक समज आहे. पेट्रोल हलकं, डिझेल जड. मग रात्रभर गाडी उभी ठेवली की डिझेल तळाला बसेल, खालचा नट खोलून तेवढं काढून टाकू! तसं होत नाही. घनता वेगळी असली तरी ही दोन्ही तेलं एकमेकांत पूर्ण विरघळतात आणि महिनाभर ठेवलं तरी वेगळी होत नाहीत. टाकी पूर्ण रिकामी करणं, एवढा एकच मार्ग आहे.

पेट्रोल गाडीत डिझेल

हे त्यामानाने कमी खर्चाचं. टाकी रिकामी करायची, लाइन धुवायची, प्लग काढून साफ करायचे किंवा बदलायचे. इंजिन बराच वेळ ओढलं असेल तर ऑइलची पट्टी बघायची. न जळलेलं डिझेल खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळलं असेल तर पातळी वाढलेली दिसते. तसं असेल तर ऑइलही बदलायचं.

एक धोका मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन तिथे जळतं आणि तो भाग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. आतली जाळी वितळू शकते. आणि दिवाळीनंतर कोकणातल्या सड्यांवर, रस्त्याच्या कडेला सुकं गवत उभं असतं. धूर ओकणारी गाडी त्या गवतावर नेऊन उभी केली तर खालून पेट घेऊ शकते. अशी गाडी डांबरावर किंवा उघड्या कातळावरच थांबवा.

सीएनजीवाल्यांनी "पेट्रोलच्या टाकीत डिझेल पडलंय ना, मग मी गॅसवर जातो" असं म्हणू नये. बऱ्याच गाड्या सुरू होतात त्या पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. दुचाकीत डिझेल पडलं तर टाकी, कार्बोरेटर किंवा इंजेक्टर आणि प्लग साफ केल्यावर बहुतेक वेळा काम होतं.

"चालतेय की!" आणि पुढचा घाट

पंपावरून गाडी सुटली, कोणाला काही कळलं नाही. एक-दोन किलोमीटर अगदी झकास चालली. हे फार फसवं आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांत आणि फिल्टरमध्ये आधीचं चांगलं इंधन असतं, गाडी तेवढ्यावर चालते. ते संपलं की नवीन मिश्रण पोचतं. महामार्गावर पंप पुष्कळदा गावाच्या तोंडाशी असतात आणि गाव संपलं की घाट लागतो. परशुराम घाट, कशेडी, किंवा कोल्हापूरकडे वळलात तर आंबा, फोंडा, आंबोली. नेमकी तिथे गाडी मिसिंग करायला लागते, पिकअप जातो, इंजिनाचा दिवा लागतो, धूर येतो.

इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते. साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक गेलेला नसतो, फक्त पायाची सगळी ताकद लावावी लागते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून पहिला गचका बसला की "वरपर्यंत पोचू" असा विचार करू नका. चारही इंडिकेटर लावा, उरलेल्या वेगात डावीकडे सुरक्षित जागा बघा, एकदाच नीट ब्रेक दाबून थांबा आणि हँडब्रेक ओढा. ब्रेक पंप करत राहिलात तर ती एक-दोन वेळची मदत फुकट जाते. उतारावर चाकाखाली जांभ्याचा चिरा किंवा मोठा दगड लावा.

मग इंजिन बंद म्हणजे बंद. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. प्रत्येक सेल्फबरोबर पंप आणखी थोडं पेट्रोल पुढे ढकलत असतो. आजूबाजूला जमलेले लोक मदतीच्या भावनेनेच सांगतात, "अजून एकदा मारा बघू, लागेल." हात जोडून नाही म्हणा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी फेरी पकडायची असेल आणि पंपाबद्दल मनात जरा जरी शंका असेल, तर गाडी जेटीवरच थांबवून आधी बिल बघा. फेरीत चढलेली गाडी पलीकडे सुरू झाली नाही, तर तुमच्या मागच्या सगळ्या गाड्या अडकतात.

पंपावरच कळलं तर

भरणं थांबवा. चावी "ऑन"पर्यंतही नेऊ नका, कारण अनेक गाड्यांत नुसतं "ऑन" केलं तरी टाकीतला पंप सुरू होतो आणि इंधन पुढे सरकतं. स्टिअरिंगचं लॉक सुटण्यापुरती पहिल्या खुणेपर्यंत चावी चालते. बटणाच्या आणि ऑटोमॅटिक गाड्यांत न्यूट्रल करण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ती माहितीपुस्तकात बघा, आणि सापडेपर्यंत पंपवाल्यांना त्या नोझलसमोर बॅरिकेड लावायला सांगा. पंप त्यांचा आहे, तेवढं ते करतात.

गाडी न्यायची ती शक्यतो उचलून नेणाऱ्या गाडीवर. दोर बांधून टोचन लावणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण बंद इंजिनाची गाडी घाटातून टोचनाने नेणं म्हणजे ब्रेक जड, स्टिअरिंग जड आणि समोर दोर. पावसाळ्यात तर मुळीच नको. ऑटोमॅटिक गाडी तर टोचनाने ओढूच नये, गिअरबॉक्स जातो.

वर्कशॉपमध्ये टाकी रिकामी होईल, लाइन धुतली जाईल, फिल्टर बदलेल, योग्य इंधन भरून लाइनमधली हवा काढली जाईल. डिझेल गाडी पेट्रोलवर चाललेली असेल तर मेस्त्रींना एक विनंती जरूर करा, की जुना फिल्टर फेकू नका, कापून दाखवा. आतल्या इंधनात चंदेरी चमक दिसली तर पंप झिजायला लागला आहे. तेव्हा नुसती धुलाई करून गाडी ताब्यात घेतलीत, तर नवीन इंजेक्टरसुद्धा तोच चुरा खाऊन जातील. चमक नसेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते. चांगला मेस्त्री हे न सांगता दाखवतो. मला वाटतं मेस्त्री निवडण्याची हीच चांगली कसोटी आहे.

काढलेल्या तेलाचं काय करायचं

इथे मला जरा थांबायचं आहे. चाळीस लिटरचं मिश्रण कॅनमध्ये भरून झालं की कोणीतरी म्हणतोच, टाकायचं कशाला, बोटीला चालेल, पॉवर टिलरला चालेल, चुलीला चालेल.

बोटीला चालणार नाही, आणि हे जीवाशी येणारं आहे. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेटण्याइतकी वाफ सोडतं. डिझेलला त्यासाठी ३५ अंशांच्या वर तापावं लागतं. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं की मिश्रण पेटण्याच्या बाबतीत पेट्रोलसारखं वागायला लागतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, खाली साचते. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या मच्छीमार बोटींत इंजिन तळाच्या बंदिस्त खोलीत असतं. तिथली सगळी रचना डिझेल धरून केलेली असते. त्या खोलीत पेट्रोलची वाफ साचली आणि बॅटरीच्या तारेची एक ठिणगी पडली, की स्फोट होतो. स्टोव्हमध्ये पेट्रोल मिसळलेलं रॉकेल गेल्याने घरातली माणसं भाजतात, त्याचंही कारण हेच.

याच कारणाने टाकी घरच्या अंगणात, बादली लावून रिकामी करू नये. तोंडाने नळी ओढून तर नाहीच. घोटभर पेट्रोल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखी गंभीर सूज येते. चुकून कोणी गिळलं तर उलटी करायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणि गटारात किंवा वहाळात ओतू नका. आपल्या पायाखालचा जांभा सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी जसं त्यातून मुरून विहिरीला लागतं, तसंच तेलही मुरतं, आणि पाण्याला आलेला पेट्रोलचा वास लवकर जात नाही. मिश्रण वर्कशॉपकडेच राहू द्या आणि ते वापरलेलं ऑइल ज्या अधिकृत विल्हेवाटवाल्यांना देतात, त्यांच्याकडेच जाईल हे विचारून घ्या.

आणखी तीन चुका, याच जातीच्या

भारत स्टेज ६ च्या काही मोठ्या डिझेल गाड्यांना डीईएफ लागतं. ॲडब्लू या नावाने ते जास्त ओळखलं जातं. हे इंधन नाही. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असं द्रावण आहे, धूर स्वच्छ करण्यासाठी. त्याची टाकी वेगळी, झाकण बहुधा निळं. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर प्रकरण पेट्रोलपेक्षाही वाईट, कारण ते डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाला बसतं, धातू गंजवतं आणि सुकलं की त्याचे खडे होतात. एक कप गेलं असलं तरी गाडी सुरू करू नका.

दुसरं, पाणी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या टाकीत पाणी शिरलेलं असू शकतं. डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये पाणी वेगळं करण्याची सोय असते आणि ते जास्त झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पेट्रोलचं गणित आता वेगळं झालंय, कारण त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं. पाणी त्यापुढे गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला जातं, आणि टाकीतला पंप नेमका तळातूनच ओढतो. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का हे पट्टीला खास पेस्ट लावून तपासतात. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. मुसळधार पावसानंतर गाडी मिसिंग करायला लागली तर ही तपासणी मागायला संकोच करू नका.

तिसरी चूक घरच्या पडवीत होते. पॉवर टिलरचं डिझेल आणि ग्रास कटरचं पेट्रोल, दोन्ही एकाच रंगाच्या कॅनमध्ये. टू-स्ट्रोक ग्रास कटरच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलेलं असतं, बऱ्याच यंत्रांना लिटरला २० मिली, काहींना ४०. तिथेही इंधनच वंगण पुरवतं. काजूच्या बागेत उतरलेल्या गड्याने घाईत साधं पेट्रोल भरलं तर यंत्र सुरू छान होतं आणि थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो. ऑइलपेंटने कॅनवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली तर हे टळतं.

पैसे कोण भरणार

गाडीच्या नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारं नुकसान धरत नाहीत. चुकीच्या इंधनाने खराब झालेलं इंजिन पुष्कळदा याच कलमात अडकतं, खास करून चूक कळल्यावरही गाडी चालवली असेल तर. मात्र रस्त्यावरच्या मदतीचं जादा कलम घेतलेलं असेल तर अनेक कंपन्या त्यात गाडी उचलून नेणं, काही टाकी रिकामी करणंही देतात. आपल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचा, घाटात रेंज असेलच असं नाही.

चूक पंपाच्या माणसाची असेल तर आवाज चढवून काही मिळत नाही, कागदाने मिळतं. तो मुलगा बारा तास उभा असतो. त्याच्या पगारातून पैसे कापायला लावू नका, व्यवस्थापकाशी बोला. बिलावर इंधनाचं नाव, लिटर आणि वेळ छापलेली असते. ते बिल, मीटर आणि नोझलचा फोटो, तुम्ही काय मागितलं होतं ते सांगणारा एखादा साक्षीदार, आणि व्यवस्थापकाच्या सहीने झालेली नोंद, एवढं तिथल्या तिथे जमवा. वाद "आम्ही बरोबरच भरलं" असा असेल तर टाकी रिकामी करताना काचेच्या किंवा धातूच्या स्वच्छ बाटलीत नमुना काढून, दोघांच्या सह्यांनी सील करा. पेट्रोलमध्ये काही मिसळलंय का हे बघायला पंपावर फिल्टर पेपर मोफत मिळतो. पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो, डिझेलचा तेलकट डाग राहतो.

बरेच पंपमालक टाकी धुण्याचा खर्च तिथेच कबूल करतात. नाही केला तर तेल कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीबरोबर वर्कशॉपचं लेखी मत जोडा. त्यात टाकीत काय सापडलं आणि गाडी पंपानंतर किती चालली होती हे लिहून घ्या. गाडी सुरूच केली नव्हती असं त्यात असेल, तर समोरच्याला "नुकसान तुम्ही चालवल्यामुळे झालं" असं म्हणायला जागा राहत नाही.